पगार वाढला की भाड्याची मदत बंद होणार, ताईने वाढ नाकारावी का?

निळी_खिडकी:

नमस्कार. बरेच दिवस इथे नुसती वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच, त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या.

माझी मोठी बहीण एका हॉस्पिटलच्या लाँड्रीत काम करते. भाऊजी नाहीत, दोन मुलं आहेत, भाड्याच्या दोन खोल्या आहेत. कमी उत्पन्नवाल्यांना भाड्यासाठी सरकारी मदत मिळते ती तिला गेली तीन वर्षं मिळतेय, म्हणजे भाड्यातला काही भाग सरकार परस्पर घरमालकाला देतं आणि उरलेलं ती भरते. ही मदत मिळण्याआधी ती चार वर्षं वेटिंग लिस्टवर होती, त्या चार वर्षांत तीनदा घर बदललं आणि एकदा तर मुलांची परीक्षा चालू असताना.

आता झालंय असं की तिला शिफ्ट इन्चार्ज करतायत. पगार थोडा वाढणार, फार नाही. पण त्या वाढीने ती मदतीच्या उत्पन्न मर्यादेच्या जरासं वर जातेय आणि मर्यादा ओलांडली की मदत पूर्ण बंद, कमी होत नाही, बंदच. परवा रात्री ती बढतीचं पत्र घेऊन आली, कपाटातून मदतीचं जुनं मंजुरीपत्र काढलं, प्लास्टिकच्या पिशवीत चार घड्या घालून ठेवलेलं असतं ते, आणि दोन्ही कागद जमिनीवर शेजारी शेजारी ठेवून बसली. भाची नववीत आहे, तिने वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. दोनदा केला. दोन्ही वेळा उत्तर तेच, पगार वाढल्यावर घरात पैसे कमी उरतात. ताई काही बोलली नाही, कपडे घड्या करायला लागली.

आता ती म्हणते की मी साहेबांना नाही सांगते, मला नको बढती. मला हे ऐकून इतका त्रास झाला की काय सांगू. अकरा वर्षं राबून मिळालेली गोष्ट आहे ही. आणि एका नातेवाइकाने वरून ऐकवलं की "फुकटच्या पैशाची सवय लागली की असंच होतं". त्या दिवसापासून ताई त्यांच्याकडे गेलेली नाही.

मला दोन गोष्टी विचारायच्यात. ताईचा हिशोब खरंच बरोबर आहे का आणि तिने वाढ नाकारावी का. आणि दुसरं म्हणजे हे असे नियम का करतात, सगळीकडे असंच असतं का, कुठे याहून बरं काही केलंय का कोणी.

हिशोबी_माणूस:

भाचीचा हिशोब बरोबर असणार, आणि तो चुकीचा वाटतोय कारण नियमच उलटा आहे. आकडे मी धरून चालतो, तुम्ही ताईंचे खरे आकडे घालून बघा.

समजा पगार १००, भाडं ५०. त्यातले २० सरकार देतं, ३० ताई देतात. हातात उरले ७०. मदतीची मर्यादा १०५. आता पगार झाला १०८. मदत गेली, भाडं पूर्ण ५० खिशातून, हातात उरले ५८. पगार ८ ने वाढला आणि घर १२ ने खाली गेलं. परत त्या ७० वर यायला पगार १२० व्हावा लागेल. म्हणजे १०५ पासून १२० पर्यंतची प्रत्येक वाढ ही नुकसानीची वाढ आहे. यात सवयीचा काय संबंध? बेरीज वजाबाकी येणारा कुठलाही माणूस इथे थबकेल, त्या नातेवाइकांना हा कागद दाखवा.

आता हेच दुसऱ्या पद्धतीने. समजा नियम असा आहे की भाडेकरूने आपल्या उत्पन्नाच्या ३० टक्के द्यायचे आणि वरचं सरकारने. पगार १०८ झाला तर ताई देणार ३२.४, हातात उरणार ७५.६. वाढीतलं थोडं गेलं पण बरंचसं घरात राहिलं. आणि मदत शून्यावर येते ती थेट १६६-१६७ च्या आसपास, तेव्हा माणूस स्वतःच्या पायावर उभा झालेला असतो. पैसा सरकारचा जास्त दिवस जातो हे खरं, पण बढती नाकारायची वेळ कोणावर येत नाही.

ही ३० टक्क्यांची गोष्ट कुठून आली तेही सांगतो, कारण लोक तो आकडा देवाने दिल्यासारखा वापरतात. पूर्वी एक ढोबळ नियम होता की महिन्याचं भाडं म्हणजे आठवड्याची मजुरी, म्हणजे साधारण पाव हिस्सा. अमेरिकेत १९६९ साली सेंट लुईस शहरात सरकारी घरांतल्या भाडेकरूंनी भाडं भरणंच बंद केलं, महिनोन्महिने, कारण काही कुटुंबांचं निम्म्याहून जास्त उत्पन्न भाड्यातच जात होतं. त्याच वर्षी सेनेटर एडवर्ड ब्रुक यांच्या दुरुस्तीने सरकारी घरांचं भाडं उत्पन्नाच्या २५ टक्क्यांवर बांधलं गेलं. १९८१ मध्ये ते ३० केलं, आणि ते केलं सरकारी खर्च कमी करायला. तेव्हापासून ३० च्या वर गेलं तर भाड्याचा बोजा आणि ५० च्या वर गेलं तर गंभीर बोजा अशी मोजणी चालते.

पण मला स्वतःला टक्क्यापेक्षा उरलेले पैसे महत्त्वाचे वाटतात. मोठ्या पगारातले ४० टक्के भाड्यात गेले तरी माणूस नीट जगतो. लहान पगारातले २५ गेले तरी औषध पुढच्या महिन्यावर ढकलावं लागतं. दोन मुलांची आई आणि एकटा माणूस यांना एकच टक्केवारी लावणं मला तरी पटत नाही.

वीट_सिमेंट:

हिशोब मान्य आहे पण मी मुळावर बोलतो. भाड्याला पैसे देणं हाच रस्ता मला चुकीचा वाटतो. घरं तेवढीच आणि लोकांच्या हातात भाड्यासाठी जास्त पैसे दिले की ते पैसे जातात कुणाकडे, घरमालकाकडे. फ्रान्समध्ये नव्वदच्या दशकात घरभत्ता वाढवला त्याचा अभ्यास झालाय, भत्त्यातल्या दर एक युरोमागे भाडं जवळजवळ ७८ सेंटने वाढलेलं निघालं. म्हणजे मदत भाडेकरूच्या नावाने आणि मुक्काम मालकाच्या घरी. सगळीकडे इतकंच होतं असं नाही, जिथे नवीन घरं पटापट बांधता येतात तिथे कमी होतं, पण जिथे घरांची टंचाई आहे तिथे हेच होणार.

त्यापेक्षा घरं बांधा. व्हिएन्ना बघा. पहिल्या महायुद्धानंतर माणसं झोपड्यांत आणि पोटभाड्याने राहत होती, एकाच पलंगावर पाळीपाळीने झोपणारे लोक होते. नगरपालिकेने १९२३ मध्ये घरांसाठी वेगळा कर बसवला, छोट्या घराला नाममात्र आणि बंगल्यावाल्याला सणसणीत, आणि त्यातून १९३४ पर्यंत ६० हजारांवर घरं बांधली. त्यातली एक इमारत, कार्ल मार्क्स होफ, एक किलोमीटरहून लांब आहे, १,३८२ घरं, आणि त्यातच धुलाईघर, पाळणाघर, दवाखाना, वाचनालय सगळं. आज त्या शहराकडे सुमारे २ लाख २० हजार घरं स्वतःच्या मालकीची आहेत आणि जवळजवळ निम्मं शहर नगरपालिकेच्या किंवा सरकारी साहाय्याच्या घरात राहतं. आणि निळी_खिडकी, तुमच्या ताईंच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे, नगरपालिकेचं घर घेताना उत्पन्न तपासतात, नंतर पगार वाढला म्हणून कोणी घराबाहेर काढत नाही. शिफ्ट इन्चार्ज झालात तर अभिनंदन, राहा तिथेच. त्यामुळे त्या इमारतींत सफाई कामगार आणि शिक्षक एका जिन्याने वर जातात.

सिंगापूरनेही १९६० मध्ये हाउसिंग बोर्ड काढून हेच केलं, फक्त भाड्याऐवजी ९९ वर्षांच्या लीजवर विकत दिली, आज तिथले पाचातले जवळजवळ चार रहिवासी त्या बोर्डाच्या घरात राहतात. तिथे कमी उत्पन्नवाल्याला घर घेताना जे अनुदान मिळतं ते उत्पन्न वाढेल तसं एकेका पायरीने कमी होतं, एका फटक्यात जात नाही.

उलट उदाहरण ब्रिटनचं. १९८० च्या कायद्याने सरकारी घरं भाडेकरूंना सवलतीत विकायला काढली. ज्यांना मिळाली त्यांचं भलं झालं, त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण एकट्या इंग्लंडमध्ये सुमारे २० लाख घरं गेली आणि त्या जागी तेवढी बांधली नाहीत. त्यातली बरीच घरं पुढे खासगी मालकांकडे जाऊन परत भाड्याने लागली, आणि तिथल्या गरीब भाडेकरूंचं भाडं आता सरकारच भरतं. स्वतःचंच घर विकून त्याच घराचं भाडं भरायचं!

अंगण_हवंच:

वीट_सिमेंट, तुमचं निम्मं पटतं. नुसतं बांधून भागत नाही हो. सेंट लुईसचं नाव वर आलंच आहे, तिथल्याच प्रुइट आयगो वसाहतीचं बघा. अकरा मजल्यांच्या ३३ इमारती, १९५० च्या दशकात बांधलेल्या. लिफ्ट ठराविक मजल्यांवरच थांबायची, बाकीच्यांनी जिना चढायचा. बांधायला पैसे सरकारने दिले पण चालवायचा खर्च भाड्यातून काढायचा असा नियम, आणि भाडेकरू दिवसेंदिवस गरीब होत गेले, मग भाडं कमी आलं, मग लिफ्ट बंद, पाइप फुटलेले तसेच, ज्यांना जमलं ते निघून गेले आणि उरलेल्यांच्या भाड्यात सगळं भागवायचं. १९७२ मध्ये इमारती पाडायला सुरुवात केली, वीस वर्षंसुद्धा झाली नव्हती. लोक म्हणतात गरिबांना घर सांभाळता येत नाही. सांभाळायला पैसा ठेवलाच नव्हता, मग कोण सांभाळणार?

घरमालकाच्या बाबतीतही तेच होतं. मुंबईत १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला गोठवली, भाडेकरूला आधार झाला, पण पुढे भाड्यातून छपराची कौलंसुद्धा बदलता येईनात, चाळी जीर्ण होत गेल्या. दुरुस्तीचा पैसा कुठून येणार हे आधी ठरवलं नाही तर घर कुणाच्याही मालकीचं असो, ते पडतं.

आणि दुसरं, घर कुठे बांधता. मेक्सिकोत सरकारी कर्जावर शहरापासून लांब लाखो घरं बांधली, एकसारखी, ओळीने. कामाला जायला यायला रोजचे चार चार तास आणि बसचं भाडं, मग लोक घर सोडून परत शहरात भाड्याने राहायला गेले, त्या घरांना नुसती कुलपं. भाड्यात वाचवलेलं बसमध्ये गेलं तर ते घर परवडलं असं कसं म्हणायचं.

मला आवडलेलं उदाहरण चिलीतल्या इकिके शहराचं आहे. शहराच्या मध्यावरच्या जागेवर शंभराच्या आसपास कुटुंबं वर्षानुवर्षं वस्ती करून होती. अनुदान इतकं तुटपुंजं की त्या जागेची किंमत देऊन पूर्ण घर होणं शक्य नव्हतं. आर्किटेक्ट अलेहांद्रो अरावेना यांच्या टीमने ठरवलं की लांब जाऊन पूर्ण घर बांधण्यापेक्षा इथेच अर्धं बांधू. जे अर्धं माणसाला स्वतःच्या हाताने जमत नाही ते, म्हणजे पाया, जिना, मोरी, स्वयंपाकघर, भक्कम भिंती. आणि शेजारी तेवढीच मोकळी जागा सोडली. लोकांनी जमेल तशी, कोणी दोन वर्षांत कोणी पाच, ती भरून घेतली. फोटोत बघितलं तर करड्या भिंतींच्या मधे प्रत्येकाचा वेगळा रंग, वेगळी खिडकी. गरिबाकडे पैसे नसतात पण हात असतात, हे कुणीतरी धरून चाललं याचंच मला बरं वाटतं.

काउंटरपलीकडून:

मी अशाच एका मदत कार्यालयात नऊ वर्षं अर्ज घेत होते. निळी_खिडकी, तुमच्या ताईंसारख्या बायका माझ्यासमोर बसून रडलेल्या आहेत, म्हणून व्हिएन्ना वगैरे बाजूला ठेवून आधी कामाचं बोलते.

ताईंना सांगा, नाही म्हणायच्या आधी चार प्रश्न लेखी विचारायचे, तोंडी नाही, आणि उत्तरही लेखीच मागायचं. पहिला, मर्यादा ग्रॉस पगारावर आहे की कापून हातात येणाऱ्यावर, आणि त्यातून मुलांच्या खर्चाची किंवा औषधपाण्याची काही वजावट मिळते का. तुम्ही म्हणताय जरासं वर, बरेचदा हे जरासं वजावटीतच निघून जातं आणि फॉर्म भरताना तो रकाना कोरा सोडलेला असतो. मी कितीतरी फॉर्म बघितलेत असे. दुसरा, उत्पन्न कुठल्या काळाचं धरतात, एका महिन्याचं की बारा महिन्यांची सरासरी. बढती वर्षाच्या मधे झाली तर सरासरीत ती अर्धीच दिसते. तिसरा, फेरतपासणी कधी आहे आणि पगारवाढ लगेच कळवायची की त्या तारखेला. चौथा, मदत थांबली आणि पुढे पगार कमी झाला तर परत त्याच जागी घेतात की पुन्हा वेटिंगच्या शेपटाला. हा चौथा सगळ्यात महत्त्वाचा, कारण माझ्या अनुभवाने माणसं थोड्या पैशांना घाबरत नाहीत, परत रांगेत उभं राहायला घाबरतात. ताईंनी चार वर्षं काढलीत, त्यांना ते सांगायला नको.

लपवू मात्र नका. कोणी सांगेल की वरचे पैसे रोख घ्या, कागदावर आणू नका. नंतर निघालं की मागची सगळी मदत वसूल करतात आणि पुढे अर्ज करायची सोय राहत नाही. एका बाईंचं असं झालेलं मी बघितलंय, रक्कम छोटीच होती पण व्याजासकट फेडताना घर गेलं.

नियम असे का करतात विचारलंत. एक कारण म्हणजे पैसा कमी आणि अर्जदार खूप. अमेरिकेत पात्र असलेल्या चार कुटुंबांपैकी साधारण एकालाच केंद्राची भाडेमदत मिळते, बाकीचे तिघं यादीत किंवा यादीबाहेर. अशी ओढाताण असली की कार्यालयाला एक रेघ हवी असते, रेघेच्या आत आणि रेघेच्या बाहेर, तपासायला सोपं. रेघ सोपी आहे म्हणून ठेवली जाते. रेघेवर उभ्या असलेल्या माणसाचं काय होतं ते वर बसलेल्याला दिसत नाही, काउंटरवरच्याला दिसतं.

याहून बरं करता येतं आणि केलंयही. अमेरिकेतल्याच भाडेमदतीच्या व्हाउचर योजनेत उत्पन्न वाढून मदत शून्यावर आली तरी करार लगेच तुटत नाही, १८० दिवस चालू राहतो, त्या सहा महिन्यांत नोकरी गेली तर मदत परत सुरू. आणि १९९० मध्ये त्यांनी आणखी एक योजना काढली, ती मला फारच शहाणपणाची वाटते. त्यात भाग घेतलेल्या कुटुंबाचं उत्पन्न वाढलं की त्यांचा भाड्याचा हिस्सा वाढतो, पण त्या वाढीइतकी रक्कम त्यांच्याच नावाच्या खात्यात जमा होते. साधारण पाच वर्षांचा करार पूर्ण केला की ते पैसे त्यांचे. म्हणजे बढतीचा जो दंड बसला असता त्याचीच बचत झाली. ब्रिटनमध्येही २०२१ च्या शेवटी कमाईच्या दर पौंडामागे मदत ६३ पेन्स कापायचे ते ५५ केलं. माझ्या मते तेही जास्तच आहे, पण निदान कडा नाही, उतार आहे.

निळी_खिडकी:

सगळ्यांचे खूप खूप आभार. काल रात्री हा सगळा धागा ताईला वाचून दाखवला. हिशोबी_माणूस यांचा १०८ वाला हिशोब भाचीने परत मांडला, आमचे खरे आकडे घालून.

काउंटरपलीकडून, तुमचा पहिला प्रश्न वाचल्यावर ताई उठली आणि जुन्या फॉर्मची झेरॉक्स काढली. वजावटीचा रकाना कोरा आहे. धाकट्याच्या दम्याच्या औषधांची तीन वर्षांची बिलं आहेत, डब्यात ठेवलेली, पण कुणी विचारलंच नाही आणि तिला माहीतच नव्हतं की ती कुठे लावायची असतात. आता त्यात मर्यादेच्या आत बसते का ते अजून कळायचंय, फरक फार थोडा आहे. वर्षाची फेरतपासणी अजून पाच महिन्यांनी आहे.

बढतीचं उत्तर द्यायला तिने आठवडा मागून घेतलाय आणि साहेब हो म्हणाले.

काउंटरपलीकडून:

बिलं सुटी देऊ नका. तारखेप्रमाणे लावून प्रत्येकाची झेरॉक्स, वर एका कागदावर एकूण रक्कम, आणि देताना पोच म्हणून तुमच्या प्रतीवर शिक्का घ्या. फार्मसीकडे वर्षाचं एकत्र स्टेटमेंट मागितलं तर बहुतेक ठिकाणी देतात, फिकट झालेल्या बिलांपेक्षा ते बरं. आणि मागच्या तीन वर्षांतही वजावट धरली नव्हती तर तेव्हाची मदत कमी मिळालेली असू शकते, तेही त्याच अर्जात विचारा.

हिशोबी_माणूस:

आणि ताईंना सांगा की साहेबांकडे वाढीव पगाराचा आकडा लेखी मागा, भत्ते वेगळे दाखवून. काही ठिकाणी प्रवास भत्ता उत्पन्नात धरत नाहीत. भाचीला विचारा, तो धरून हिशोब केला होता का.

निळी_खिडकी:

धरूनच केला होता. ती आत्ता वही घेऊन परत बसलीय.